चौदा नंबरची पुडी

रेबेका साळवेला बंद वस्तू बघवत नसे. डबी असो, घड्याळ असो, नाहीतर शेजारणीचं तोंड असो. आत काय आहे ते कळेपर्यंत तिच्या जिवाला चैन नसे. लग्नानंतर एडविननं हौसेनं टेपरेकॉर्डर आणला, तर तिसऱ्याच दिवशी तो स्टुलावर सुटा होऊन पडला होता. तिनं तो पुन्हा जोडला आणि तो वाजलाही, फक्त दोन स्क्रू उरले. एडविन त्या स्क्रूंकडे बघत राहिला, तेव्हा ही म्हणाली की काम पुरं होऊन वर काही उरलं तर ती बरकत समजावी. एडविन जाऊन आता सहा वर्षं झाली, पण बरकतीचं हे शास्त्र बाईनं सोडलं नव्हतं.

शास्त्र तिला दवाखान्यानं दिलं होतं. प्रवरेकाठच्या एका मिशनच्या दवाखान्यात तिनं छत्तीस वर्षं कंपाउंडरकी केली. गोळ्या पाकिटातून यायला लागल्या त्याच्या आधी लहान पोरांची औषधं तिथं पुड्यांमध्ये जायची, आणि दहा पुड्या लिहून आल्या की रेबेका अकरा बांधायची. कारण साधं होतं. कडू औषध पोरं एकदा तरी थुंकतातच आणि मग आई रडकुंडीला येऊन खिडकीशी उभी राहते. या अकराव्या पुडीला ती ‘थुंकीची पुडी’ म्हणायची. संध्याकाळपर्यंत कुणी मागायला आलं नाही की पुडी सोडून औषध परत बरणीत जायचं. ट्रेमध्ये एक पुडी उरली म्हणजे दिवस चांगला गेला, पोरानं औषध घेतलं, असा छत्तीस वर्षांचा हिशेब तिच्या बोटांत बसला होता. वाचणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं, कारण पुढं सगळं घोडं इथंच अडणार आहे.

तर आता ती साठीची होती, कोल्हारला दोन खोल्यांत राहत होती, आणि तिच्यासमोर ओट्यावर एक बंद वस्तू होती. लाल प्लास्टिकची, अंगठ्याएवढी जाड, बुडाला पितळ. बारा बोअरचं काडतूस. हे तिच्या मुलीचं, एंजेलाचं.

एंजेला तेवीस वर्षांची. सकाळ-संध्याकाळ बाजारपेठेतल्या मेडिकलवर कामाला, आणि गुरुवारी सुट्टी मिळाली की नगरच्या अलीकडं माळावरच्या रेंजवर. कॉलेजात एनसीसीत असताना तिच्या हातात पहिल्यांदा रायफल आली, आणि तिथून तिला उडत्या चकत्या फोडायचं वेड लागलं. मातीची बशीएवढी चकती यंत्रातून भिरकावली जाते आणि ती हवेत असताना छऱ्यांनी फोडायची, असा हा खेळ. पुण्या-मुंबईची पोरं त्यासाठी इटलीच्या बंदुका घेऊन येतात. एंजेलाकडं तिच्या आजोबांची, म्हणजे रेबेकाच्या वडिलांची, इसहाक मास्तरांची जुनी दुनळी बंदूक होती. मास्तरांनी ती उसात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी घेतली होती आणि त्यांच्या हयातीत एकही डुक्कर तिला घाबरलं नव्हतं. परवाना वारसानं रेबेकाकडं आला आणि कचेरीत चपला झिजवून एंजेलाच्या नावावर झाला.

बंदूक फुकट मिळाली तरी काडतूस फुकट मिळत नाही. एका काडतुसाच्या पैशात दोघींची दोन वेळची भाजी व्हायची आणि इटलीची पोरं सकाळच्या एका फेरीत शंभर उडवायची. एंजेला आठवड्याला दहा उडवायची. बाकी वेळ ती रिकामी बंदूक खांद्याला लावून भिंतीवरच्या पालीमागं नळी फिरवायची. महिन्यावर राज्याची निवड स्पर्धा आली होती. तिथं ठरलेला आकडा गाठला तर पुढं देशपातळी, आणि तिथं गेलेल्या खेळाडूला संघटनेकडून काडतुसं मिळतात. नाही गाठला तर बंदूक पेटीत घालायची, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. ती हे हसत सांगायची आणि रेबेकाला ते हसणं बघवत नसे.

म्हणून रेबेकानं त्या रात्रीची भाकरी तव्यावर असतानाच काडतूस उचललं आणि विचारलं, आत काय असतं.

एंजेलानं सांगितलं. बुडाशी टोपी असते, घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते. तिच्यावर दारू, दारूवर प्लास्टिकचं बूच, बुचात छर्रे, आणि वर तोंड दुमडून बंद केलेलं. उडवलं की लाल पुंगळी तेवढी हातात राहते. ती फेकून द्यायची.

"फेकून का?" रेबेका म्हणाली. "बाटली फुटली नसंल तर औषध पुन्हा भरता येतं की."

एंजेला म्हणाली, भरतात म्हणे काही जण, पण ते तुला नाही कळायचं. झालं, तिथंच ठिणगी पडली.

पुढच्या गुरुवारी कोल्हारहून नगरकडं जाणाऱ्या एसटीत एंजेलाच्या शेजारी रेबेका बसलेली होती, मांडीवर पिशवी घेऊन.

रेंजचा मालक, गुरू, चकत्या उडवणारा आणि झाडलोट करणारा हे सगळं मिळून एकच माणूस होता. तिसगावचे निवृत्त सुभेदार, नाव श्रीमंत, आडनाव आंधळे. दोन्ही खोटं. खिशात दमडी नसायची आणि दोनशे पावलांवरची चकती कुठल्या बाजूला चिरली ते बघून सांगायचे. रेबेकानं आल्याआल्या विचारलं की रिकाम्या पुंगळ्यांचं तुम्ही काय करता, तेव्हा सुभेदारांनी तिच्याकडं, मग एंजेलाकडं, मग पुन्हा तिच्याकडं बघितलं आणि पत्र्याच्या खोलीचं कुलूप काढलं.

खोलीत भिंतीला काच लावलेली परवानगी टांगली होती आणि खाली टेबलाला एक हाताचं दाबयंत्र बसवलेलं होतं. उसाचा रस काढायच्या यंत्राच्या धाकट्या भावासारखं ते दिसत होतं, वर गंज. सुभेदार म्हणाले, कलेक्टर कचेरीत खेटे घालून कागद आणला, यंत्र कुणाचं तरी जुनं घेतलं, पण हे काम निवांत माणसाचं आहे आणि मला निवांतपणा नाही. त्यांचा वजनकाटाही बंद पडलेला होता. मोबाईलवर बघून घरी कुणी असले उद्योग करू नयेत, हेही त्यांनी बजावलं. जे काही होईल ते या खोलीत, या कागदाखाली आणि त्यांच्या नजरेसमोर.

रेबेकानं पिशवीतून आपला तराजू काढला. दवाखान्यातून निवृत्त होताना तो तिला निरोपाच्या शालीबरोबर मिळाला होता. काचेच्या पेटीतला, पितळी पारड्यांचा, आणि शेजारी मखमलीच्या खाचेत बोटाच्या नखाएवढी वजनं. मिठाचा एक खडा टाकला तरी काटा हलायचा. सुभेदारांनी फौजेत मोठमोठ्या तोफा बघितल्या होत्या, पण त्या तराजूपुढं ते टोपी काढून वाकले.

मग बाईच्या प्रश्नांची जी झड लागली ती संध्याकाळच्या गाडीपर्यंत थांबली नाही. दारू काळी का नाही, राखाडी का. टोपीत काय असतं आणि ती ओली झाली तर. पुंगळी किती वेळा भरता येते, आणि ती म्हातारी झाली हे कशावरून ओळखायचं. छर्रे सगळे एका मापाचे असतात का. तिनं तिथल्या तिथं दहा छर्रे मोजून बघितले आणि नसतात असं सुभेदारांनाच ऐकवलं. सुभेदार डोळे मिटून बार ऐकायचे, तेही तिनं विचारलं. ते म्हणाले, जाड आवाज म्हणजे बार भरलेला, बारीक आवाज म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय.

आणि एक गोष्ट त्यांनी न विचारता सांगितली.

"दारू कमी पडली ना बाई, तर छर्रे भाईर येत न्हाईत. बूच नळीतच बसतं. वरून दिसत न्हाई. आन् त्याच्यावर दुसरा बार टाकला की नळी फाटती. नळीखाली हात असतो, नळीमागं डोळा. म्हनून एक काडतूस पुरं करायचं, तोंड मिटवायचं, मंग दुसऱ्याला हात लावायचा. एकाचं लगीन लागल्याबिगर दुसऱ्याला हळद न्हाई."

हे रेबेकानं वहीत लिहून घेतलं.

खर्च म्हणाल तर तिनं तो असा मारला की वाण्यानंही हात जोडावेत. पुंगळ्या पुण्याच्या पोरांनी टाकलेल्या होत्या, त्या गोणीभर गोळा केल्या, धुऊन गच्चीवर वाळवल्या आणि उन्हाकडं धरून एकेक तपासली. शेजारच्या जयमालावहिनींनी विचारलं, हे काय वाळत घातलंय, तर सांगितलं मिरच्या. यंत्राचा गंज रॉकेलनं काढला. दारू, टोप्या आणि बुचं सुभेदारांच्या कोट्यातून आली, ती तेवढी विकतची. बाकी सगळं हातचं.

पहिल्या गुरुवारी चार तासांत दहा काडतुसं झाली. सुभेदारांनी दिलेल्या चिठ्ठीवरचा आकडा तिनं दर वेळी पुन्हा वाचला, दर वेळी काटा स्थिर होईपर्यंत श्वास धरला. सुभेदारांनी दहातली दोन कापून बघितली, दारू परत पारड्यात टाकली. मग मिशी चोळली. उरलेल्या आठांचे बार एंजेलानं उडवले, आठही जाड वाजले, आणि सहा चकत्या फुटल्या. रेबेकाला त्या दिवशी इतका आनंद झाला की परतीच्या गाडीत तिनं अनोळखी बाईला काडतुसाची रचना समजावून सांगितली. त्या बाईनं राहुरीला जागा बदलली.

पण दहानं भागणार नव्हतं. स्पर्धेला दोन आठवडे राहिले तेव्हा एंजेला म्हणाली की एकदा तरी सलग पंचवीस मारून बघायला हवेत, दहानंतर खांदा कसा वागतो तेच मला माहीत नाही. मागितलं काही नाही, नुसतं म्हणाली. रेबेकानं तेव्हाच मनाशी ठरवलं की या गुरुवारी पंचवीस.

एकाच्या लग्नानंतर दुसऱ्याची हळद, अशानं पंचवीस व्हायला रात्र झाली असती. रेबेकानं विचार केला की आपण दवाखान्यात दिवसाला दोन-दोनशे पुड्या बांधत होतो, तेव्हा कुठं एकेकीचं लग्न लावत बसलो. आधी सगळं वजन करून पुड्या बांधायच्या आणि मग ओळीनं ओतत जायचं. ही कंपाउंडरची रीत होती आणि या रीतीनं तिच्या हातून छत्तीस वर्षांत एक पोर दगावलं नव्हतं. वहीत लिहिलेलं वाक्य वहीत राहिलं. हुशार माणसाचं हेच वाईट, त्याला दुसऱ्याचा नियम पाळताना आपली अक्कल वाया गेल्यासारखं वाटतं.

कागदासाठी तिनं गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान आणलं. तारखांचे चौकोन पुडीला अगदी बेतशीर होते. एकपासून कापत गेली आणि पंचवीसला थांबली. सुभेदारांची दारू मोजून वापरायची असल्यानं या खेपेला जादा पुडी नाही, हे तिनं स्वतःला बजावलं. नाताळपर्यंत बास, असं म्हणून उरलेलं पान घडी घालून पर्समध्ये टाकलं.

सुभेदार त्या दिवशी चकत्यांच्या यंत्राची स्प्रिंग तुटली म्हणून खड्ड्यात उतरले होते. रेबेकानं पंचवीस वेळा तोलून पंचवीस पुड्या बांधल्या आणि ट्रेमध्ये पाच-पाचच्या ओळी लावल्या. टोप्या बसवलेल्या पंचवीस पुंगळ्या लाकडी फळीच्या भोकांत उभ्या होत्या. मग ओतायला सुरुवात झाली. पुडी सोडायची, ओतायची, कागद झटकून बाजूला ठेवायचा. मध्येच एंजेला चहा घेऊन दारात आली. आत यायची परवानगी नव्हती, म्हणून उंबऱ्यावरूनच तिनं विचारलं, मम्मी, किती झाले. रेबेका उठली, दारात जाऊन तीन घोट प्यायली, तुझेच चाललेत म्हणाली, आणि परत येऊन बसली. पुढं बुचं, पुढं छर्रे, पुढं दाबयंत्राचा दांडा पंचवीस वेळा खाली. शेवटच्या काडतुसाचं तोंड मिटलं तेव्हा ट्रेमध्ये एक पुडी उरलेली होती.

रेबेकानं ती बघितली आणि तिला बरं वाटलं. पुडी सोडली, दारू परत डब्यात ओतली, झाकण लावलं. दिवस चांगला गेला.

चारच्या उन्हात एंजेला रेषेवर उभी राहिली. कानांवर मोठे डबे, डोळ्यांना पिवळा चष्मा, कमरेच्या पिशवीत आईनं भरलेली पंचवीस काडतुसं. तिच्यामागं दहा पावलांवर सुभेदार हातात चकती सोडायचं बटण घेऊन उभे, आणि त्यांच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत रेबेका, कानांत कापूस घालून. एंजेला ‘हां’ म्हणायची, सुभेदार बटण दाबायचे, चकती उडायची. पहिला बार चुकला तर लगेच दुसऱ्या नळीचा. पहिल्या सातांत पाच चकत्या फुटल्या. पोरीचा खांदा गाण्यात आल्यासारखा हलत होता. असं सलग मारताना रेबेकानं तिला आजवर पाहिलंच नव्हतं, आणि पाहता पाहता तिचा ऊर भरून आला.

हात रिकामे बसवत नाहीत म्हणून तिनं पुड्यांचे कागद पर्समधून काढले आणि पुढच्या खेपेसाठी तारखेप्रमाणे लावायला घेतले. एक, दोन, तीन. समोर एंजेला ‘हां’ म्हणाली. चकती उडाली, आणि एक बार झाला, त्याला चिकटूनच दुसरा, आणि चकतीचा धुरळा झाला. सुभेदार पुढची चकती नीट बसली का ते बघायला यंत्राकडं वळले होते, ते म्हणाले वा.

पहिला बार बारीक होता. कापसातूनही तो तिला वेगळा वाटला, फळीवर चापट मारल्यासारखा. दुसरा इतका लगेच आला की त्यात तो बुडून गेला. एंजेलाच्या कानांवर तर डबेच होते आणि खांद्याला धक्का बसायचा तो दुसऱ्यानं बसला. ती पुंगळ्या काढून नवी दोन काडतुसं घालत होती.

पाणी कुठं मुरतंय, हा विचार रेबेकाच्या मनात आला तो कुतूहलानंच. भीती अजून नव्हती. तिनं हातातल्या कागदांकडं बघितलं. बारा, तेरा, पंधरा. चौदा नव्हता. तो वेगळा, सगळ्यात खाली होता, कारण तो सगळ्यात शेवटी सोडला होता. म्हणजे उरलेली पुडी चौदा नंबरची. आणि जादा पुडी असती तर ती सव्वीस नंबरची असायला हवी होती. तिनं पर्समध्ये हात घातला. घडी घातलेल्या पानावर सव्वीस ते एकतीस जागच्या जागी होते, कात्रीचा स्पर्शही न झालेले.

चौदाव्या पुंगळीच्या वेळी चहा आला होता.

एंजेलानं बंदूक मिटवली, खांद्याला लावली. तिला हाक मारून उपयोग नव्हता. पळून तिच्यापर्यंत जायला दहा पावलं होती आणि साठीचे गुडघे. रेबेका खुर्चीतून उठली ती सरळ सुभेदारांकडं, आणि त्यांच्या बटणावरच्या अंगठ्याखाली तिनं आपली दोन बोटं घातली. एंजेला ‘हां’ म्हणाली. सुभेदारांचा अंगठा दाबला गेला तो रेबेकाच्या नखावर. चकती उडाली नाही.

"सोडू नका," ती म्हणाली. "एक काडतूस मी रिकामं भरलंय. ते आत्ताच वाजलं."

सुभेदारांनी अंगठा काढून घेतला. एंजेला पुन्हा ‘हां’ म्हणाली, थोडी चिडून. चकती नाही म्हणून बार नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. तिनं नळी खाली केली, बंदूक उघडली आणि मागं वळून बघितलं. तेव्हा तिला दिसलं की सुभेदार लाल झेंडी वर करून येताहेत आणि आई खुर्चीचा हात धरून उभी आहे.

सुभेदारांनी दोन्ही काडतुसं काढून घेतली आणि नळ्या आकाशाकडं धरून बघितल्या. मग एंजेलाच्या हातात दिल्या. डावीतून गोल उजेड दिसत होता. उजवीत अंधार होता. लाकडी गज आत सारला तर तो अर्ध्यावर ठक्क करून थांबला. तेवढ्याच ठिकाणी बाहेरून एंजेलाचा डावा हात असायचा.

एंजेलानं आपला डावा हात उलटासुलटा करून बघितला, आणि मग ती खाली मातीतच बसली.

रेबेकाला तिथून पळून जावंसं वाटलं. तिला वाटलं आपण आत्ता मेलो तर बरं. पण तिनं दवाखान्यात नव्या पोरींना एकच गोष्ट शिकवली होती, की चूक झाली तर पेशंटच्या तोंडावर सांगायची, डॉक्टरच्या मागं लपायचं नाही. म्हणून ती गुडघे धरत मुलीसमोर बसली आणि सगळं सांगितलं. सुभेदारांचा नियम मोडला, एकदम पंचवीस भरली, चहाला उठले तेव्हा चौदावी राहिली. आणि पुडी उरलेली बघितली, तरी संशय आला नाही, उलट बरं वाटलं.

"बरं वाटलं?" एंजेलानं विचारलं.

"व्हय. सवयीनं."

एंजेला आईकडं बघत राहिली. लहानपणी थुंकीच्या पुड्या तिनंही खाल्ल्या होत्या. ती रागावली असती तर रेबेकाला सोपं गेलं असतं. पण ती एवढंच म्हणाली की मम्मी, तू चुकू शकतेस हे मला ठाऊकच नव्हतं, आणि हे ऐकून रेबेका ढसाढसा रडली.

उरलेली सगळी काडतुसं सुभेदारांनी कापायला लावली. रेबेकानं ती स्वतःच्या हातानं कापली आणि प्रत्येकातली दारू पुन्हा तोलली. सगळी चिठ्ठीबरहुकूम होती, केसाचा फरक नाही. सुभेदार बघत होते. शेवटी म्हणाले, "तुमचा हात चुकत न्हाई बाई. तुमची रीत चुकली. रीत बदलती, हात न्हाई बदलत." तराजू पेटीत ठेवताना रेबेकानं पेटी पुसली तेवढी. परतीच्या गाडीत तिनं एंजेलाला सांगितलं की आता माझ्या पेन्शनीतून विकतचीच आणू, आणता येतील तेवढी. एंजेला खिडकीबाहेर बघत होती. डिग्रस गेलं, राहुरी गेलं.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी मेडिकलवरून आल्यावर तिनं कपाटावरचा तराजू खाली काढला आणि पिशवीत भरला. आईला विचारलं नाही. पहाटेच्या गाडीची वेळ तेवढी सांगितली.

त्या गुरुवारी बाराच झाली. एकाचं लग्न, मग दुसऱ्याची हळद. सुभेदार दारात स्टूल टाकून बसले होते आणि यंत्राची स्प्रिंग, इटलीची पोरं, कुणाकुणासाठी उठले नाहीत. रेबेका पुंगळीत दारू ओतायची, बॅटरी लावून आत बघायची, मोठ्यानं ‘आहे’ म्हणायची, सुभेदार ‘हाय’ म्हणायचे, आणि मगच बूच. बारा वेळा असं झालं. कागद नव्हते, पुड्या नव्हत्या. शेवटी टेबलावर काही उरलं का, हे तिनं खाली वाकून टेबलाखालीसुद्धा बघितलं. काही उरलेलं नव्हतं, आणि तरीही तिला बरं वाटेना.

एंजेला रेषेवर गेली. रेबेका खुर्चीत बसली नाही, उरलेली काडतुसं घेऊन उभीच राहिली. तिनं कानांतला कापूस काढून टाकला होता. ‘हां’ झालं, चकती उडाली, बार झाला, जाड, छातीत घुमणारा, आणि चकती फुटली. रेबेकाचे डोळे मात्र मिटलेले होते.

डोळे उघडले तेव्हा एंजेला रेषेवर नव्हती. बंदूक मधून उघडून, हातावर आडवी टाकून ती मागं आली होती. पुंगळी काढलेली, नळ्या रिकाम्या. तिनं नळ्या आकाशाकडं वळवल्या आणि बुडाकडची बाजू आईच्या डोळ्यासमोर धरली.

"बघ," ती म्हणाली.

रेबेकानं एक डोळा मिटला. जन्मभर तिनं वस्तू उघडल्या त्या आत काय आहे ते बघायला. उजव्या नळीतून तिला लांब, चकचकीत भिंतींच्या टोकाशी रुपयाएवढं आभाळ दिसलं. तिनं डावीतूनही बघितलं. मग पुन्हा उजवीतून, बराच वेळ.

"काय आहे आत?" एंजेलानं विचारलं.

"काही नाही," रेबेका म्हणाली.

एंजेलानं मान हलवली आणि आईच्या हातून दुसरं काडतूस घेतलं.